रेडिओसाठी चार ओळींची जागा द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की आता रेडिओ कोण ऐकतं, सरकारने त्यावर पैसा कशाला घालवायचा. ते पत्र मी गिरणीत बसून वाचलं, आणि वाचताना डोक्यावरच्या फळीवर रेडिओ चालू होता. रागाने उत्तर लिहायला घेतलं. पण दोन कागद फाडल्यावर लक्षात आलं, की त्या गृहस्थांशी माझं फारसं भांडण नाहीच. माझं मागणं तुमच्याकडे आहे: नाशिकच्या रेडिओचे कार्यक्रम पेपरात छापा.

पेठ रोडला माझी पिठाची गिरणी आहे. एकतीस वर्षं झाली. आधी आम्ही दोघं चालवायचो, आता मी आणि हाताखाली एक मुलगा. चक्की चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर रेडिओ काय ऐकणार, असं कुणीही विचारेल. पण गिरणी सलग कुठे चालते? डबा उतरवा, दुसरं दळण चढवा, मध्ये क्रम लावा. ज्वारीच्या मागे गहू टाकला तर दुसऱ्या दिवशी बाई मोडलेली पोळी घेऊन दारात उभी राहते. एकादशीच्या आधी तर चक्की झाडून पुसून मगच वरई-राजगिरा. अशा फटीफटींतून मी दिवसभर रेडिओ ऐकते. लाइट गेली की सगळंच ऐकू येतं, कारण रेडिओ सेलवरचा आहे. त्याचा मूळ रंग काळा होता, हे आता मलाच सांगावं लागतं.

आपल्या नाशिकला आकाशवाणी आहे, गाण्यांची खासगी केंद्रं आहेत, आणि सामुदायिक रेडिओही आहे, म्हणजे एखादी संस्था आपल्या भागापुरता चालवते तो. ९०.८ वरचं रेडिओ विश्वास बऱ्याच जणांना माहीत असेल. कोरोनात, २०२० च्या जूनपासून, शाळा बंद असताना त्यांनी 'शिक्षण सर्वांसाठी' म्हणून शाळेचे धडे लावले होते. पुढे २०२३ मध्ये त्यांना दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला एक याच कामाचा. पुरस्काराचं मला नंतर कळलं. धडे मात्र माझ्या गिरणीतच ऐकले गेले. गिरण्या तेव्हा चालू होत्या, अत्यावश्यक म्हणून. गल्लीतला महापालिकेच्या शाळेत जाणारा एक पोरगा रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर वही घेऊन बसायचा. घरी फोन एकच, तो बाप कामावर घेऊन जायचा. धडा लागला की मी चक्की बंद करायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, मग तेही ऐकत उभं राहायचं. एका आजोबांना तर अपूर्णांक तेव्हा कळले, असं ते स्वतः सांगतात.

माझी भाची अशाच एका केंद्रावर हौसेने काम करते, त्यामुळे मला आतल्या दोन-चार गोष्टी माहीत आहेत. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता. तरी सामुदायिक रेडिओची परवानगी आधी २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना मिळाली, आणि सामाजिक संस्थांना २००६ मध्ये. आज देशात अशी पाचशेहून जास्त केंद्रं आहेत. ती त्या त्या संस्थेने चालवायची, खर्च बराचसा त्यांनीच काढायचा. तासाला बारा मिनिटं जाहिराती घेता येतात, तेही २०२४ पासून, आधी सातच मिनिटं होती. सरकारी जाहिरातीला दहा सेकंदांचे ७४ रुपये. त्या गृहस्थांनी आता हिशोब करावा, की यात सरकारचा खजिना किती रिकामा होतो.

आणि ताकद किती? शंभर वॅट. पूर्वी स्वयंपाकघरात लटकायचा त्या पिवळ्या बल्बाएवढी. माझ्या चक्कीची मोटर दहा हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात हजार वॅटच्या आसपास. ती फिरते तेव्हा शेजारच्या इमारतीच्या काचा हादरतात, एवढंच तिचं कर्तृत्व. या शंभर वॅटमध्ये दहा-बारा किलोमीटरच्या आतली निम्मी पंचवटी, सातपूर, सिडको, मखमलाबाद येतं. लांबचं पेठ गाव येत नाही, शहरातला पेठ नाका येतो. मला वाटतं, हे अंतर अगदी बरोबर आहे. त्याच्या पलीकडचं पाहायला टीव्ही आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली. दळणाला सहा-सात बायका बसलेल्या. त्यात मखमलाबादच्या पलीकडे मळ्यात राहणारी एक, नागली, म्हणजे नाचणी, दळायला आलेली. रेडिओवर एक डॉक्टर सापांबद्दल बोलत होते. आपल्याकडे विषारी साप मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांवर लस एकच, ती सरकारी दवाखान्यात मिळते. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडने कापू नका, पाय हलवू न देता दवाखान्यात न्या. हे सगळं मीही ऐकलं, आणि 'मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतसुद्धा नाही' एवढंच लक्षात राहिलं. त्या बाईने पुढचं ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, पहाटे पोटात दुखायला लागतं, आणि मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत.

महिन्याभराने ती परत आली तेव्हा सांगत होती. तिचा धाकटा पहाटे पोट धरून उठला. अंगावर खूण नाही, सूज नाही. सासूने ओवा चावायला दिला. पोरगा म्हणाला, आई, डोळे मिटतायत. झोप अपुरी झाली असेल, असं घरातली सगळी म्हणाली. हिला पापण्या आठवल्या. मोटारसायकलवर पोराला मध्ये बसवून ती आणि दीर दवाखान्यात पोहोचले. पोरगा चार दिवसांनी घरी आला, आता पुन्हा शाळेत जातो. ती मला हे सांगत होती तेव्हा मी तिची नागली तोलत होते, आणि वजन दोनदा चुकले.

तिने तो कार्यक्रम ऐकला कशामुळे? लाइट गेली म्हणून. चक्की चालू असती तर त्या डॉक्टरांचा शब्द कुणाच्या कानावर पडला नसता. कार्यक्रम आहे हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बाजूला मळ्यांत राहणारी शेकडो घरं आहेत, त्यांनाही नव्हतं. मला या पत्रात एवढंच सांगायचं आहे, आणि ते आजींच्या गोष्टीवरून जास्त कळेल.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही, ऐंशीच्या पुढे असतील. जात्यावरच्या ओव्या त्यांना भरपूर येतात. इथे मला एक कबुली द्यायची आहे. ओव्या आमच्यासारख्या गिरणीवाल्यांनीच बंद पाडल्या. बायकांचा पहाटेचा घाम वाचला, फार चांगलं झालं, मी ते परत आणा म्हणणार नाही. पण जातं थांबलं आणि तोंडही थांबलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे मी रेडिओवरच ऐकलं. तेव्हा वाटलं, अरे, आपल्या दारातल्या आजींकडे कोण आलंय?

भाचीला सांगितलं. ती आणि आणखी एक मुलगा छोटं यंत्र घेऊन आले. आजींना खुर्चीवर बसवून म्हणाले, गा. आजी गप्प. म्हणाल्या, हात फिरल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग पलंगाखालून जातं ओढून काढलं. खुंटा कुजलेला, तो माझ्या मुलाने नवा बसवला. मूठभर जोंधळे घातले. आजींनी जातं फिरवायला सुरुवात केली आणि आवाज काय म्हणता, पोरांनी कानावरचे हेडफोनच काढले. जात्याची घरघर एवढी, की त्यात ओवी बुडाली. शेवटी जात्याखाली दुपदरी गोधडी घातली, दाणे कमी केले, आणि मी माझी चक्की बंद केली. पाऊण तास. गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर बसलेल्या. आजी भावाच्या ओव्यांवर आल्या तेव्हा त्यांचा हात मंदावला, पण त्या थांबल्या नाहीत. असं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही.

कार्यक्रम कधी लागणार ते पोरांनी फोन करून आजींच्या नातवाला सांगितलं. नातवाने आईला सांगितलं, आईने मला, मी गिरणीत सगळ्यांना. आम्ही बुधवारी सकाळी साडेदहाला झाडून सगळ्या जमलो. बुधवार, म्हणजे गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजाराचा दिवस, तरी दोघी-तिघी बाजार सोडून आल्या. आजींनी नवं लुगडं नेसलं होतं. रेडिओ लावला, तर गच्चीवर भाजी कशी लावावी हे चाललेलं. अकरापर्यंत मेथी, पालक, कुंडीला भोक किती. कार्यक्रम आदल्या दिवशी, मंगळवारी होऊन गेला होता. त्या वेळी मी गहू दळत होते.

यात दोष कुणाचा नाही. केंद्राने वार बरोबर सांगितला होता, तोंडातोंडी येताना तो बदलला. भाचीने मग कार्यक्रम फोनवर पाठवला. नातवाने आजींच्या कानाला फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "हे फोनवर आलं बाई. रेडिओवर कुठं आलं?"

मी त्यांना समजावायला गेले, की अहो तेच आहे हे. आणि बोलता बोलता मलाच पटेना. आजींची नणंद सातपूरला, भाचेसून सिडकोत. त्या दोघींनी आपापल्या घरी त्याच क्षणी ऐकलं असतं, संध्याकाळी फोन केले असते, 'वहिनी, तुम्ही ती तिसरी ओवी चुकलात' म्हणून भांडल्या असत्या. ते गेलं. फोनमध्ये ओव्या आहेत, हव्या तेव्हा लावा, म्हणूनच कुणी लावत नाही. 'आता सगळं मोबाइलवर आहे' म्हणणाऱ्यांना मी आजींचं वाक्य ऐकवते. शिवाय नव्या बऱ्याच मोबाइलांत एफएम येतच नाही. जुन्यांत यायचं, हेडफोनची वायर लावली की तीच अँटेना. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना एफएम चालू ठेवा म्हणून कळवलं होतं. मी मागच्या दिवाळीत फोन घेतला, त्यात शोधून दमले.

तर संपादक महाराज, मागणं असं. आपल्या पेपरात रोज चार ओळींची चौकट द्या. आज काय आणि उद्या काय, नाशिकच्या रेडिओवर. वेळ, विषय, कोणत्या आकड्यावर. बस. हे काही नवीन नाही. माझ्या लहानपणी पेपरात आकाशवाणीचे कार्यक्रम छापून यायचे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडील चहा पिताना त्या रकान्यात पेन्सिलने खुणा करायचे. त्यांनी खूण केलेल्या वेळी घरात कुणी भांडं वाजवलं तर खैर नव्हती. तो रकाना कधी गेला ते कळलंच नाही. आता त्या जागी राशिभविष्य मोठं झालंय. राशिभविष्य काढा असं मी म्हणत नाही, गिरणीत सगळ्यात आधी तेच वाचलं जातं. पण त्याच्या पायाशी चार ओळी मावतील.

माहेरचा विषय निघालाच आहे तर सांगते. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आमच्या गावापासून जवळ. गोदावरी आणि कादवेचा संगम. लहानपणी आम्हाला तिथले सगळे काळे पक्षी म्हणजे पाणकोंबड्या. परवाच्या हिवाळ्यात रेडिओवर एक पक्षीमित्र बोलले. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, त्याला वारकरी म्हणतात. साठ वर्षं मी वारकऱ्याला कोंबडी म्हणत आले! ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली, हेही तेव्हाच कळलं. पण हा कार्यक्रमसुद्धा मला अर्धाच मिळाला. मध्ये एकाची भाजणी आली.

केंद्रवाल्यांनाही दोन शब्द सुनावते, भाची रागावली तरी चालेल. वेळ ठरली की पाळा. आरोग्याच्या कार्यक्रमाला डॉक्टर बोलवता तेव्हा त्यांना आधी सांगा, की ऐकणारी बाई दळण घेऊन बसलेली आहे. परवा एका बाईंनी अर्धा तास रक्तक्षयावर सांगितलं, त्यातली निम्मी इंग्रजी, आणि खायचं काय म्हटलं तर ब्रोकोली. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या दारात येते, तिचं नावही नाही. आणि पेठ नाक्यावर सकाळी कामासाठी उभी राहणारी माणसं आपसात कोकणी बोलतात, गोव्याकडची नव्हे, इथल्या डोंगरातली. त्यांच्या बोलीत आठवड्यातून अर्धा तास तरी बोला. मजुरी किती, दवाखाना कुठे, मुलांना शाळेत कसं घालायचं. त्यांच्यातलाच कुणी बसवा बोलायला. पावरी, म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, चांगली वाजवणारा त्यांच्यात निघेल, मी शोधून देते.

शेजारधर्माचं वेगळं काय सांगू. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, हे एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं. आमच्या मागच्या सोसायटीत दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांना मी रिक्षाने पोस्टात नेऊन आणलं. कुणाकडे चाकाची खुर्ची पडून आहे, कुणाला महिनाभर हवी आहे, हेही सांगतात. एवढं पुरे.

एक मात्र गंभीरपणे घ्यावं. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगेला पूर आला, घाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. त्या दिवशी आमच्या फोनवर 'धरण फुटलं' असे निरोप फिरत होते. लोक पोरं-गाठोडी घेऊन वरच्या मजल्यांवर पळाले. धरण जागेवर होतं, विसर्ग वाढवला होता. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण पाणी, वीज, वाहतूक, हवामान, आपत्ती, यांची प्रशासनाने दिलेली माहिती सांगता येते. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, त्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसात. २०१५ च्या पहिल्या शाहीस्नानाला, २९ ऑगस्टला, रस्ते एवढे अडवले होते, की दळणाचे डबे दोन दिवस माझ्याकडेच राहिले. घरात पीठ नाही आणि पीठ गिरणीत. कुठला रस्ता किती वाजेपर्यंत बंद, पाणी कुठल्या पायरीला लागलं, हे एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात कानावर पडलं तर माणूस अफवेच्या मागे धावणार नाही. पण ठरलेली वेळ लोकांना आधी माहीत हवी. पूर आल्यावर स्टेशन शोधायला कुणी बसत नाही. ती सवय आत्तापासून लागायला हवी, आणि ती पेपरातल्या चौकटीने लागेल.

रोज जमत नसेल तर रविवारी आठवड्याचं एकदम छापा. मी ते कापून चक्कीच्या वरच्या भिंतीवर चिकटवीन, पीठ आहेच, खळ करायला वेळ लागत नाही. केंद्रांकडून वेळापत्रक आणायची जबाबदारी भाचीवर टाकली आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी ती आपल्या कचेरीत आणून देईल, शुद्धलेखन तपासून.

आजींच्या ओव्यांचा दुसरा भाग गेल्या पंधरवड्यात ध्वनिमुद्रित झाला. या वेळी गोधडी आधीच घातली होती. कधी लागणार ते अजून कळलेलं नाही. कळलं की नातवाला सांगायच्या आधी तुम्हाला कळवते.

आपली,
एक गिरणीवाली
पेठ रोड, पंचवटी, नाशिक